हार्डॉक्स म्हणून घेतलेली पट्टी साधं लोखंड निघाली

माझ्याकडे वीस टनी पोकलेन आहे, सेकंडहँड घेतलेलं. माण-खटाव भागात शेततळी आणि विहिरींची कामं करतो, मशीन मीच चालवतो. आमच्याकडे वर दोन-चार फूट मुरूम आणि खाली काळा फत्तर. अशा जमिनीत बकेट खालून झिजते. दात झिजले तर पिन ठोकून नवे घालता येतात, पण बकेटचा तळ आणि मागची टाच एकदा पातळ झाली की थेट भोकच पडतं. म्हणून तळाला हार्डॉक्ससारख्या, सहज न झिजणाऱ्या कठीण पोलादाच्या पट्ट्या मारून घेतात. पट्टी झिजते आणि बकेट वाचते.

बाहेर काम दिलं तर मजुरीच बरीच होत होती. शिवाय मला वेल्डिंग शिकायचं होतं. तोवर शेडचे अँगल आणि ट्रॉलीचे फाळके एवढंच जोडलं होतं. म्हटलं, माल चांगला आणू आणि हात बसवू.

शहरातल्या एका लोखंड व्यापाऱ्याला फोन केला. त्याने व्हॉट्सअ‍ॅपवर भाव पाठवला : हार्डॉक्स 450, 12 मिलिमीटर, पट्ट्या कापून, 170 रुपये किलो. 150 किलो माल झाला, कर धरून 30,090 रुपये. तेव्हा एम. एस., म्हणजे साध्या मऊ लोखंडाची प्लेट 65 रुपयांच्या आसपास होती. तरी मला महाग वाटलं नाही, कारण हार्डॉक्स स्वस्त मिळत नाही एवढं ऐकून होतो.

बिल पाहिलं तर त्यावर ‘एम. एस. प्लेट’. विचारलं तर म्हणाला, “दादा, कॉम्प्युटरमध्ये हार्डॉक्सचं नाव फीड नाही, माल तोच आहे. हे घ्या सर्टिफिकेट.” सर्टिफिकेटची झेरॉक्स होती, त्यावर स्वीडनच्या कंपनीचं नाव होतं. मी ती घडी करून खिशात ठेवली. वाचली नाही. नंतर वाचली तेव्हा दिसलं की त्यात जाडी 10 मिलिमीटर आहे आणि माझी पट्टी 12 ची. कागद कदाचित खराही असेल, पण तो माझ्या मालाचा नव्हता. कागदावरचा हीट नंबर, म्हणजे पोलाद ज्या घाण्यातून निघालं त्याचा नंबर, प्लेटवर उमटवलेल्या नंबराशी जुळवून बघायचा असतो. माझ्या पट्ट्यांवर कसलाच नंबर नव्हता, आणि कापलेल्या पट्टीवर तो नसतोच असं मला सांगितलं गेलं. पट्टी कापायच्या आधी आख्खी प्लेट बघायला मिळाली पाहिजे, हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं.

वेल्डिंगचे रॉडही त्यानेच दिले. “हार्डॉक्सला साधा रॉड चालत नाही, हे स्पेशल 7018.” ही गोष्ट खरी आहे. अशा पोलादाला कमी हायड्रोजनचा आणि कोरडा ठेवलेला रॉडच लागतो. पण मला मिळालेले रॉड प्लॅस्टिकच्या पिशवीत सुटे होते. होल्डरमध्ये धरायच्या टोकाजवळ ग्रेड छापलेली असते, ती पुसली गेलेली.

बकेट काढून जमिनीवर उलटी टाकली. ग्राइंडरने गंज आणि रंग काढला, अर्थिंग बकेटलाच लावलं आणि सुरुवात केली. मला भीती होती ती रॉड पेटण्याची. 7018 चा रॉड चिकटतो, आणि एकदा विझला की त्याच्या टोकाला कडक थर धरतो, तो फोडल्याशिवाय पुन्हा पेटत नाही, असं सगळे सांगत होते. माझे रॉड मात्र नुसते घासले की पेटत होते. कितीही वेळा थांबा आणि पुन्हा पेटवा. जोडावर धरणारा पापुद्राही सहज निघत होता. मला वाटलं हात बसला. दोन दिवसांत सगळ्या पट्ट्या मारल्या, एक पट्टी उरली. त्या संध्याकाळचा आनंद मला अजून आठवतो, आणि त्याचंच जास्त वाईट वाटतं. ते साधे 6013 चे रॉड होते, ग्रिल आणि गेट जोडायचे.

पाच आठवडे काम झालं. मीटरवर 230 तास वाढले असतील. बकेट धुतली तेव्हा टाचेच्या पट्ट्या 12 च्या 5 मिलिमीटरवर आल्या होत्या.

व्यापाऱ्याकडे गेलो. त्याने फोटो बघितले आणि शांतपणे विचारलं, “वेल्डिंग कोणी केलं?” मी केलं म्हणालो. “नवीन आहात ना? प्लेट तापवली तुम्ही. जास्त तापली की हार्डॉक्सचं पाणी जातं. यात मालाचा काय दोष?”

मी गप्प बसलो. कारण ही गोष्टही खरी आहे. हार्डॉक्स 250 अंशांच्या वर तापलं की मऊ पडू लागतं, म्हणून दोन थरांच्या मध्ये ते निवू द्यावं लागतं. मी तेवढा थांबलो होतो का, मला आठवेना. नवशिक्याला स्वतःच्या हाताची खात्री नसते. त्या माणसाने माझी तीच शंका माझ्यावर वापरली. मी घरी आलो आणि आठवडाभर कोणाला काही बोललो नाही. बायकोलाही बकेटचं काम चांगलं झालं नाही एवढंच सांगितलं.

शेवटी गावातल्या जुन्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “एखादी पट्टी उरली आहे का? न जोडलेली?”

होती. त्यांनी ती ऐरणीवर ठेवली, शेजारी एम. एस. चा एक तुकडा. दोन्हींवर सेंटर पंच धरून हातोडीचा एकेक सारखाच घाव घातला. दोन्हीकडे सारखेच खोल खड्डे. मग कानस फिरवली. ती दोन्हीकडे सारखीच चावत होती, भुसा पडत होता. खऱ्या 450 वर पंचाची खूण बारीक उमटते आणि कानस बऱ्यापैकी घसरते. मिस्त्री म्हणाले, “ही पट्टी तू तापवलेलीच नाहीस, मग हिचं पाणी कुठं गेलं रे?”

ते पुढे म्हणाले की वेल्डच्या उष्णतेने मऊ पडायचा तो जोडाच्या कडेचा पट्टाच पडतो. माझ्या पट्ट्या तर मधोमधही तितक्याच झिजल्या होत्या. आणि माल खरा असता तर त्या रॉडने जोडाशेजारी तडे जायचा मोठा धोका होता, कधी ते दुसऱ्या दिवशीही दिसतात. मला एकही तडा आला नव्हता. पट्टीही खोटी आणि रॉडही खोटा, म्हणूनच जोड टिकले.

शहरात एका टेस्टिंग लॅबमध्ये पट्टी नेली. कठीणता ब्रिनेल या मापात मोजतात, हार्डॉक्स 450 ची 425 ते 475 असते. माझी 140 च्या आसपास आली, म्हणजे साधं लोखंड. रिपोर्ट लेखी घेतला.

पैसे परत मिळालेले नाहीत. व्यापारी बिल दाखवतो : “एम. एस. विकलं, एम. एस. चं बिल दिलं.” त्याच बिलावर दर मात्र 170 चा लावलेला आहे, आणि ‘हार्डॉक्स 450’ लिहिलेला त्याचा मेसेज माझ्या फोनमध्ये आहे. ग्राहक हेल्पलाइनला, 1915 वर, फोन केला. वकिलांनाही भेटलो. धंद्यासाठी घेतलेल्या मालाला ग्राहक कायदा लागू होत नाही असं मी धरून चाललो होतो. पण स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेला माल त्यातून वगळलेला नाही, आणि तक्रारीला दोन वर्षांची मुदत असते. मशीन मीच चालवतो, त्यामुळे तक्रार तयार करतोय.

बकेटला दुसऱ्यांदा पट्ट्या मारल्या. या वेळी आख्ख्या प्लेटवरचा नंबर कागदाशी जुळवला, मगच समोर कापून घेतली. बिलावर ग्रेड लिहून घेतली. पैसे द्यायच्या आधी पंच मारला, दुकानदाराने हरकत घेतली नाही. रॉड सीलबंद डब्यातले घेतले, मिस्त्रींच्या भट्टीत भाजून गरम असतानाच वापरले. ते चिकटले, विझले, टोकं फोडावी लागली. चार दिवस गेले.

ती उरलेली पट्टी खड्ड्यासकट फडक्यात गुंडाळून ठेवली आहे. तक्रारीसोबत द्यायची आहे.