जो गेम कधी निघालाच नाही, तो मी 'ओरिजिनल' म्हणून घेतला

आधीच सांगतो, लांबलचक आहे आणि यात माझीच अब्रू जाणार आहे, पण जुने फायटिंग गेम जमवणाऱ्या कुणाचे तरी पैसे वाचतील म्हणून लिहितोय.

माझ्याकडे एक सुपर निंटेंडो आहे, टीव्हीला जोडून खेळायचा जुना गेमिंग कन्सोल, अजून टकाटक चालतो, आणि त्यावर स्ट्रीट फायटर टू चा पहिला गेम, १९९२ मधे या मशीनवर आला तो. इतका खेळलोय की कंट्रोलरचं खाली दाबायचं बटण बोटाच्या आकाराचं झालंय. कॅरेक्टर आठ, त्यातला मी ग्वाइल सोडून कुणाला फारसा हात लावत नाही, आणि शेवटचे चार बॉस नुसते समोरून मार द्यायला येतात, आपल्याला घेता येत नाहीत. मग डोक्यात किडा शिरला की पुढचं, सुधारलेलं व्हर्जन घ्यावं. आता पुढचं म्हणजे कुठलं, इथेच सगळी गोम आहे आणि इथेच माझी मान अडकली.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, हा गेम काढणाऱ्या कॅपकॉम कंपनीने १९९१ ते १९९४ मधे आर्केडवर, म्हणजे नाणं टाकून खेळायच्या मोठ्या मशीनवर, एकाच गेमचे पाच अवतार काढले. १९९१ चा मूळ गेम. १९९२ मधे चॅम्पियन एडिशन, त्यात चारही बॉस खेळायला मिळाले आणि दोघांना एकच कॅरेक्टर घेता यायला लागलं. त्याच वर्षाच्या शेवटी टर्बो, म्हणजे हायपर फायटिंग, स्पीड वाढवला, र्यू-केनला हवेत गिरकी लाथ, चुन-लीला फायरबॉल, धालसिमला गायब होऊन दुसरीकडे उगवायची सोय. १९९३ मधे सुपर, त्यात कॅमी, फे लाँग, टी. हॉक आणि डी जे हे चार नवे, एकूण सोळा, पण स्पीड परत कमी केला त्यामुळे टर्बोची सवय असलेले लोक वैतागले. आणि १९९४ मधे सुपर टर्बो, स्पीड परत आला, खाली कोपऱ्यात सुपर कॉम्बोचा, म्हणजे भरला की एक जबरी मार सोडता येणारा, मीटर आला आणि अकुमा नावाचा लपलेला राक्षस आला. आता बघा, 'टर्बो' वेगळा, 'सुपर' वेगळा आणि 'सुपर टर्बो' तिसराच. नावं ठेवणाऱ्याने जरा दमाने घेतलं असतं तर माझ्यासारखे वाचले असते, असो.

गंमत म्हणजे टर्बोचा जन्मच नकली मालामुळे झालाय असं म्हणायला हरकत नाही. चॅम्पियन एडिशनचे छेडछाड केलेले बोर्ड आर्केडमधे फिरत होते, त्यात हवेतून हाडोकेन, म्हणजे र्यू-केनचे फायरबॉल, सुटायचे, मधेच कॅरेक्टर बदलायचं, सगळा धिंगाणा, पण स्पीड लोकांना आवडला आणि मग कंपनीलाच वेगवान व्हर्जन काढावं लागलं. हे सगळं मला पाठ होतं. नकली मालाचा इतिहास पाठ असलेला माणूस नकली माल घेऊन बसला, बोला.

मला सुपर टर्बो हवा होता. घ्यावा की नको यावर मी जवळजवळ तीन आठवडे घालवले, आणि अगदी कसून हं. जुन्या मॅचेस बघितल्या. पकडून आपटलं तर वेळेवर बटण दाबून मार कमी करून घेता येतो हे यात पहिल्यांदा आलं, ते मला फार भारी वाटलं कारण माझा मित्र झँगीफ हा पैलवान घेऊन नुसता पकडत सुटतो. कोड टाकून कॅरेक्टरचं आधीच्या गेममधलं जुनं रूप घेता येतं, त्याला सुपर कॉम्बो आणि ही पकड सोडवायची सोय मिळत नाही, पण चार बॉसपैकी सॅगॅटचं जुनं रूप तरीही एवढं जबर की जपानात मुरलेले खेळाडू त्याला घेणं टाळतात हेही वाचलं. आठ कॅरेक्टरवाला गेम घरात असताना हा घेण्यात अर्थ आहे का, यावर मी वहीचं एक पान भरवलं. घेण्याच्या बाजूला अकरा मुद्दे, न घेण्याच्या बाजूला तीन. त्या चौदा मुद्द्यांत 'हा गेम माझ्या मशीनवर कधी आला होता का' हा मुद्दाच नव्हता.

नाही आला. कंपनीने सुपर टर्बोचं सुपर निंटेंडो कार्ट्रिज, म्हणजे मशीनमधे घालायची गेमची डबी, कधी काढलंच नाही. या मशीनवर १९९२ चा मूळ गेम, १९९३ चा टर्बो आणि १९९४ चा सुपर एवढे तीनच आले. सुपर टर्बो घरी आला तो थ्रीडीओ नावाच्या दुसऱ्याच कन्सोलवर, मग पीसीवर, पुढे २००१ मधे गेमबॉय अ‍ॅडव्हान्सवर वगैरे. हे मला आता माहितीय.

तर सेकंडहँड वस्तूंच्या एका अ‍ॅपवर जाहिरात दिसली, सुपर स्ट्रीट फायटर टू टर्बो, सुपर निंटेंडो कार्ट्रिज, ओरिजिनल, फार कमी वापरलेलं, एकच पीस. फोटो चार. लेबलवर अकुमा लाल डोळे करून उभा. भाव असा की स्वस्त म्हणून संशय येऊ नये आणि महाग म्हणून सोडूनही देऊ नये, बरोबर त्या मधल्या जागी ठेवलेला, हे त्याचं कसब मानलं पाहिजे. विकणारा बोलायला एकदम गोड, सर सर करणारा. मी पैसे अ‍ॅपमधूनच भरले, तेवढी अक्कल होती, माल हातात येऊन आपण ओके म्हणेपर्यंत पैसे अडकून राहतात म्हणून मी निवांत होतो.

पार्सल आलं. कार्ट्रिज घातलं, सुरू केलं, स्क्रीनवर 'टर्बो' आलं आणि मी खूश. वर 'सुपर' लिहिलेलं नाहीये आणि खाली चक्क 'हायपर फायटिंग' लिहिलंय हे डोळ्यांना दिसत होतं, डोक्यापर्यंत पोचलं नाही. मग कॅरेक्टर निवडायचा स्क्रीन आला आणि तिथे चौकोन मोजले तर बारा. परत मोजले. बाराच. कॅमी नाही, टी. हॉक नाही, कुणी नाही. अकुमाला आणायचा कोड मी पाठ करून बसलो होतो, र्यू, टी. हॉक, ग्वाइल, कॅमी, परत र्यू असा कर्सर थांबवत न्यायचा, आणि इथे थांबायला टी. हॉकच नाही.

आता माझी घोडचूक वाचा. मी विकणाऱ्याला मेसेज टाकला, "नमस्कार, चार नवीन कॅरेक्टर दिसत नाहीयेत, ते लपलेले असतात का?"

म्हणजे चोराच्या हातात किल्ली मीच दिली. त्याने दोन मिनिटांत उत्तर दिलं, "हो सर बरोबर, ते हिडन आहेत. सगळ्यात अवघड लेव्हलवर एकही कंटिन्यू न वापरता गेम संपवा, उघडतील. आणि माल मिळाला म्हणून तेवढं ओके करून टाका ना सर, माझं पेमेंट अडकलंय."

मी ओके केलं.

हसू नका, त्या काळच्या गेममधे खरंच असल्या गोष्टी असायच्या. माझ्या १९९२ च्या कार्ट्रिजमधेच सुरुवातीला कंपनीचं नाव दिसत असताना खाली, आर, वर, एल, वाय, बी दाबलं की दोघांना एकच कॅरेक्टर घेता येतं. त्यामुळे हिडन म्हटल्यावर मला खरं वाटलं. पण हेही खरं की याच गेमवरून १९९२ च्या एप्रिलमधे एका अमेरिकन गेम मासिकाने सगळ्या जगाला एप्रिल फूल केलं होतं, मार न खाता शेवटच्या बॉसपर्यंत जा, मग त्याच्याशी मारामारी न करता राउंडमागून राउंड बरोबरीत सोडवा, मग शेंग लाँग नावाचा गुरू येईल. कितीतरी पोरांनी बोटं झिजवली त्यावर. असा कुणी गेममधे नव्हताच, र्यूच्या जिंकल्यानंतरच्या वाक्यात शोर्यूकेनचं, म्हणजे त्याच्या उसळी मारून द्यायच्या ठोशाचं, भाषांतर चुकून माणसाचं नाव झालं होतं, त्यावरून ती सगळी भानगड. ही गोष्ट मी स्वतः चार लोकांना हसत हसत सांगितलेली आहे. आणि तीच अट, थोडी स्वस्तात, मला कुणीतरी विकली.

नऊ दिवस लागले. रोज रात्री जेवण झालं की बसायचो. सॅगॅटपाशी हरायचो, परत पहिल्यापासून. अंगठ्याला फोड आला तर पट्टी लावून खेळलो. नवव्या रात्री शेवटचा बॉस पडला, एकही कंटिन्यू न वापरता, ग्वाइलची बायकोमुलगी आली, सगळं झालं, आणि मी श्वास रोखून परत निवडायच्या स्क्रीनवर आलो. बारा.

मेसेज केला. त्याचं उत्तर: "मधे एखादा राउंड हरला असाल सर. एकही राउंड न हरता करायचंय." म्हणजे अट वाढली. मी तरीही दोन रात्री तसं करून बघितलं, हे कुणाला सांगितलं नव्हतं, इथे लिहितोय.

शेवटी तो झँगीफवाला मित्र आला. त्याने कार्ट्रिज हातात घेतलं, लेबल बघितलं, आणि मशीनमधे घालायच्या आधीच म्हणाला, "अरे येड्या, हा गेम यावर निघालाच नाही कधी." मी वाद घातला. वाद घालताना मला वहीतले अकरा मुद्दे आठवत होते आणि आवाज बारीक होत चालला होता.

मग आम्ही ते उघडलं. या कार्ट्रिजचे स्क्रू साध्या स्क्रूड्रायव्हरने निघत नाहीत, ३.८ मिलिमीटरचा वेगळा बिट लागतो, तो त्याच्याकडे होता. आत पातळसा हिरवा बोर्ड, त्यावर निंटेंडोचं नाव नाही, वर्ष नाही, काही नाही, मोठ्या काळ्या रॉम चिपच्या जागी बारकीशी फ्लॅश चिप आणि आजूबाजूला सोल्डरचे थेंब सांडलेले. शेजारी माझं जुनं कार्ट्रिज उघडून ठेवलं तर त्याच्या बोर्डवर निंटेंडोचं नाव आणि वर्ष स्वच्छ छापलेलं. लेबलचाही फरक तेव्हा नीट दिसला, नकली जास्त चकचकीत, अकुमाच्या केसांच्या कडा फोटोकॉपीसारख्या फुटलेल्या. माझ्या जुन्या लेबलवर दोन अंकी आकडा नुसता दाबून उमटवलेला आहे, शाई नाही, तिरपं धरलं तरच दिसतो, नव्यावर तो नव्हता. मित्राचं म्हणणं, हे सगळं फोटोत मागवता येतं, लेबल तिरप्या उजेडात आणि बोर्ड उघडून. ज्याला बोर्डचा फोटो द्यायचा नसतो तो "उघडलं तर व्हॅल्यू जाते सर" म्हणतो. मी मागितलाच नव्हता.

आणि एक, हे फक्त पैशाचं नाही. हा जुना कन्सोल ५ व्होल्टवर चालतो आणि बऱ्याच नकली बोर्डांवर ३.३ व्होल्टच्या चिप मधे काहीच सोय न करता थेट जोडलेल्या असतात, त्याचा ताण चिपवर पण येतो आणि कन्सोलवर पण. अकरा रात्री मी ते घालून बसलो होतो. मशीन ठीक आहे, पण त्या दिवशी मी त्याला पुसून काढताना माफी मागितली अक्षरशः.

अ‍ॅपवाल्यांकडे तक्रार केली. त्यांचं म्हणणं, तुम्हीच माल बरोबर मिळाला म्हणून ओके केलंय, परत करायची मुदतही गेलीय. मी चॅटचे स्क्रीनशॉट दिले, त्यात माझंच वाक्य, "लपलेले असतात का?" ते वाचून कुणी माझ्या बाजूने निर्णय देईल असं मलाही वाटत नाही. मुदत त्या विकणाऱ्याला बरोबर माहीत होती, गेम पूर्ण करायला लावायचं कारणच ते. अवघड लेव्हलवर जो अडकला तो तक्रार करत नाही, सराव करतो.

आता काही जण विचारतील की सुपर टर्बो तरी घेण्यासारखा आहे का. आहे, माझ्या मते पाचांत तोच सगळ्यात धारदार, फक्त कॉम्प्युटर त्यात इतका हरामखोर आहे की एकट्याने खेळायचं असेल तर डोकं फिरेल, समोर माणूस पाहिजे. पण तो हवा तर सरळ २०१८ चं तिसाव्या वर्धापनदिनाचं कलेक्शन घ्या, बारा गेम आहेत, त्यातले चार ऑनलाइन खेळता येतात आणि सुपर टर्बो त्या चारांत आहे. मी शेवटी तेच घेतलं, तेही अधिकृत स्टोअरवरून. कॅमी आहे, टी. हॉक आहे, मीटर आहे. पकड सोडवायला अजून जमत नाही, मित्र अजून आपटतोच. सुपर निंटेंडोवरच खेळायचा हट्ट असेल तर नुसता 'टर्बो' किंवा नुसता 'सुपर' शोधा, दोन्ही शब्द एकत्र दिसले की पुढे सरका, विकणारा कितीही गोड असो.

परवा सहज त्या अ‍ॅपवर शोधलं. दुसरं नाव, दुसरा प्रोफाइल फोटो, पण कार्ट्रिजचे चारही फोटो तेच, डाव्या कोपऱ्यातल्या ओरखड्यासकट. ओरिजिनल, फार कमी वापरलेलं, एकच पीस. फक्त खाली माहितीत एक नवीन ओळ वाढवलीय, "टीप: चार कॅरेक्टर लपलेले आहेत, अवघड लेव्हलवर एकही राउंड न हरता गेम संपवल्यावर उघडतात."