एमपीपीटी चार्ज कंट्रोलर: एक उन्हाळा आणि एक पावसाळा वापरल्यावर

आमचं घर राजापूर तालुक्यात. पावसात लाईट गेली की कधी येईल याचा नेम नाही. छपरावर ३३० वॅटची दोन पॅनेलं आहेत आणि खाली १५० एएचच्या (अँपिअर-तासांच्या) दोन ट्युब्युलर बॅटऱ्या सिरीजमध्ये, म्हणजे २४ व्होल्टची सिस्टीम. पॅनेलकडून येणारी वीज आवरून बॅटरीत भरणारा मधला डबा म्हणजे चार्ज कंट्रोलर. आधीचा पीडब्ल्यूएम प्रकारचा काढून ४० अँपिअरचा एमपीपीटी प्रकारचा लावला. त्याने एक उन्हाळा आणि एक पावसाळा पाहिला, म्हणून आता लिहितोय.

आधी फरक काय तो सांगतो, कारण दुकानात हे कोणी नीट समजावत नाही. पीडब्ल्यूएम पॅनेलला सरळ बॅटरीशी जोडतो आणि बॅटरी भरत आली की भराभर जोड-तोड करून करंट आवरतो. जोडलेलं असताना पॅनेलचं व्होल्टेज बॅटरीच्या व्होल्टेजवर खाली ओढलं जातं. ७२ सेलचं पॅनेल ३७ व्होल्टच्या आसपास सगळ्यात जास्त पॉवर देतं आणि बॅटरी असते २६-२७ वर. मधल्या दहा व्होल्टचा काहीच उपयोग होत नाही. एमपीपीटी पॅनेलला त्याच्या सोयीच्या व्होल्टेजवर चालू देतो आणि आतल्या कन्व्हर्टरमध्ये व्होल्टेज उतरवून त्या बदल्यात करंट वाढवतो. डिसेंबरातल्या निरभ्र दुपारी आमच्याकडे जुन्यावर १६ अँपिअर दिसायचे, नव्यावर २० च्या वर जातात.

पण हा फायदा बारमाही नाही. पॅनेल तापलं की त्याचं व्होल्टेज उतरतं. मे महिन्यात पत्र्यावरच्या पॅनेलला हात लावता येत नाही, तेव्हा ३७ चे ३१-३२ होतात आणि दोन्ही कंट्रोलरमधलं अंतर बरंच कमी होतं. जुलैच्या झडीत तर पॅनेलातूनच दोन-तीन अँपिअर येतात, तिथे कुठलाही कंट्रोलर काय करणार? अशा दिवसांत बॅटरी पूर्ण भरतच नाही आणि अर्धवट भरलेली लेड-ॲसिड बॅटरी तशीच पडून राहिली की प्लेटांवर सल्फेट जमतं. म्हणून झड लांबली की लाईट असेल तेव्हा इन्व्हर्टरवरून बॅटरी पूर्ण भरून घेतो.

घेताना अँपिअरइतकंच पॅनेलकडचं कमाल व्होल्टेजही बघा. आमच्या एका पॅनेलचं ओपन सर्किट व्होल्टेज (काहीच जोडलेलं नसतानाचं) ४६, दोन सिरीजमध्ये ९२. थंडीत ते वाढतं. १०० व्होल्टचा कंट्रोलर कोकणात कदाचित निभावेल, पण निफाडच्या थंडीत पहाटेचं ऊन पॅनेलवर पडलं की तो अगदी काठावर येईल, आणि मर्यादा ओलांडली की आतले ट्रान्झिस्टर जातात. मी १५० व्होल्टचा घेतला.

आता सेटिंग. माझ्या मते कंट्रोलरची खरी किंमत इथे वसूल होते, आणि बसवून देणारे नेमकं हेच न बघता जातात. आमच्याकडे बसवणाऱ्याने बॅटरीचा प्रकार ‘सील्ड’वरच, म्हणजे पाणी घालावं न लागणाऱ्या बंद बॅटरीवर, ठेवला होता. चार्जिंग तीन टप्प्यांत होतं: आधी मिळेल तेवढा करंट, मग ठरलेल्या व्होल्टेजवर धरून करंट हळूहळू कमी, शेवटी फ्लोट, म्हणजे भरलेली बॅटरी तशीच भरलेली ठेवणारं कमी व्होल्टेज. पाणी घालायच्या बॅटरीला अधूनमधून जास्त व्होल्टेजचा इक्वलाईझ टप्पाही लागतो, त्याने तळाशी बसलेलं जड ॲसिड ढवळून निघतं. सील्डवर बऱ्याच कंट्रोलरांत तो मिळत नाही. मी बॅटरीचं पत्रक समोर ठेवून दुसऱ्या टप्प्याचं व्होल्टेज २८.८ आणि फ्लोट २७.२ लावलं. लिथियम बॅटरीवाल्यांनी मात्र इक्वलाईझ बंदच ठेवायचं.

सोबत आलेला तापमानाचा सेन्सर बॅटरीच्या अंगाला चिकटवा, कंट्रोलरपाशी लोंबकळत ठेवू नका. लेड-ॲसिडला उन्हाळ्यात कमी व्होल्टेज लागतं. बॅटरी ३५ अंशांवर असली तर कंट्रोलर २८.८ च्या जागी साधारण २८.४ वर थांबतो. हे बसवल्यापासून मे महिन्यात डिस्टिल्ड वॉटर आधीपेक्षा कमी लागलं.

एक तपासणी प्रत्येकाने करावी अशी आहे. भर दुपारी २० अँपिअर चालू असताना मल्टिमीटरने आधी कंट्रोलरच्या बॅटरी टर्मिनलवर व्होल्टेज मोजा, मग थेट बॅटरीच्या खांबांवर. आमच्याकडे कंट्रोलरवर २८.४ आणि बॅटरीवर २८.० आलं. म्हणजे बॅटरी भरायच्या आधीच कंट्रोलरला ती भरली असं वाटत होतं. वायर ६ स्क्वेअर एमएमची आणि लांब होती, शिवाय एका लगाखाली (वायरच्या टोकाला बसवतात त्या धातूच्या तुकड्याखाली) हिरवट-पांढरी खरपूड साचलेली. १६ स्क्वेअर एमएमची आखूड वायर टाकली, लग नीट क्रिंप करून घेतले, खांब सोड्याच्या पाण्याने पुसून पेट्रोलियम जेली लावली. फरक ०.१ च्या खाली आला. हेच काम आधी झालं असतं तर जुन्या बॅटऱ्या आणखी टिकल्या असत्या, असं मला ठामपणे वाटतं.

बाकी देखभाल थोडी आहे. पावसाळ्याआधी आणि नंतर टर्मिनलचे स्क्रू आवळायचे, कारण तारा तापून-निवून ते सैल होतात. मागच्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्या उभ्या राहतील असाच कंट्रोलर भिंतीवर लावायचा, वर-खाली वीतभर जागा मोकळी. बॅटरीच्या बरोबर वर कधीच नको, चार्जिंगच्या वाफा आत जातात. आमच्याकडे मुंग्या वायरच्या भोकांतून आत शिरायच्या, तिथे केबल ग्लँड लावले. मृगाच्या विजांसाठी पॅनेलच्या बाजूला डीसी सर्ज प्रोटेक्टर आणि चांगलं अर्थिंग. एसीचा साधा एमसीबी डीसीला वापरू नका, ठिणगी विझत नाही. आणि काम करताना आधी पॅनेल काढायचं, मग बॅटरी. जोडताना आधी बॅटरी. इन्व्हर्टर कंट्रोलरच्या लोड टर्मिनलवर न जोडता फ्यूजमधून थेट बॅटरीवर.

तक्रार एकच. दिवसा कंट्रोलर जोरात चालला की वडिलांच्या रेडिओवर मिडियम वेव्हला रत्नागिरी आकाशवाणी खरखरते. वायरला फेराइटचे मणी घातल्यावर कमी झालं, पूर्ण गेलं नाही.

गोठ्यात किंवा पंपघरात ३६ सेलचं एकच १०० वॅटचं पॅनेल आणि १२ व्होल्टची बॅटरी असेल तर चांगला पीडब्ल्यूएम पुरतो, जादा पैसे जाड वायर आणि फ्यूजवर घाला. ३०० वॅटच्या पुढे, आणि ६० किंवा ७२ सेलची पॅनेलं असतील तर मात्र एमपीपीटीच घ्या.