निर्गुडीचं तेल: बाटली उजेडात धरा, मग पैसे द्या

बचत गटाच्या स्टॉलवरचं निर्गुडी तेल, 100 मिलीची बाटली, किंमत 150 रुपये. लेबलवर तीनच घटक आहेत: तीळ तेल, निर्गुडीचा ताजा पाला, कापूर. ही यादी पाहूनच बाटली घ्यावीशी वाटते. या नावानं विकल्या जाणाऱ्या कितीतरी बाटल्यांवर बारीक अक्षरात ‘लाइट लिक्विड पॅराफिन’ छापलेलं असतं. ते खनिज तेल. हात छान घसरतो, पण त्याला निर्गुडीचं तेल कशाला म्हणायचं?

पाला अस्सल आहे की नाही, याची चिंता फारशी नको. ओढ्याकाठी, शेताच्या बांधावर निर्गुडी माजलेली असते. गुरं तिला तोंड लावत नाहीत, म्हणून तर ती कुंपणाला लावतात. देठाला तीन किंवा पाच पानं, पानाची खालची बाजू पांढुरकी, चुरगळल्यावर उग्र वास, तुरे निळसर जांभळे. इतकं फुकटचं झुडूप कोण कशाला बदलेल? खोट निघते ती तेलात आणि कढवण्यात.

शार्ङ्गधरसंहिता या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथातलं प्रमाण असं: तेलाच्या चौपट काढा, म्हणजे पाला उकळून आटवलेलं पाणी, आणि काढ्यासोबत तेलाचा सहावा हिस्सा कल्क, म्हणजे वाटलेला पाला. 1 लिटर तेलाचा हिशेब मांडला तर 4 किलो पाला 16 लिटर पाण्यात उकळून 4 लिटर काढा उरवायचा, गाळायचा, त्यात तेल आणि सुमारे 150 ग्रॅम वाटलेला पाला घालून मंद आचेवर पाणी पूर्ण आटेपर्यंत कढवायचं. तेल कढवायचं पातेलं निदान 8-10 लिटरचं हवं, नाहीतर ते उतू जातं. शेवटी शेवटी उलथनं सतत फिरवावं लागतं. कल्क तळाला लागला की करपट वास सगळ्या तेलात उतरतो आणि मग कितीही कापूर घाला, तो जात नाही.

झालं कधी म्हणायचं? कल्क बोटांत वळला की त्याची वात होते, ती विस्तवावर टाकली तर तडतडत नाही, आणि तेलावर फेस येतो. औषधी तुपाचं नेमकं उलट, तिथे फेस जिरतो.

या गटाची चूक इथेच आहे. कापसाची वात तेलात भिजवून पेटवली तर ती मधूनमधून तडतडते. बाटली उजेडात धरली की तळाशी बोटाच्या पेराएवढा गढूळ थर दिसतो. म्हणजे पाणी राहिलंय, आणि कल्कही नीट गाळलेला नाही. असं तेल लवकर खवट होतं. आच आणखी थोडा वेळ ठेवली असती आणि गरम असतानाच दुहेरी फडक्यातून गाळून एक रात्र निवळू दिलं असतं, तर तक्रारीला जागा उरली नसती.

रंग मात्र बरोबर आहे, तपकिरी झाक असलेला काळपट हिरवा. इतका वेळ उकळल्यावर पानातला हिरवेपणा टिकत नाही. त्यामुळे पोपटी, चकचकीत हिरवं निर्गुडी तेल दिसलं तर रंगाची शंका घ्यावी. वासाचंही तसंच. निर्गुडीचा उग्रपणा बराचसा वाफेबरोबर उडून जातो आणि मागे उरतो मुख्यतः तिळाचा खमंग वास. या बाटलीत नाकात शिरतो तो कापूर, आणि तो जरा जास्तच पडलाय. कापूर तेल कोमट झाल्यावर घालतात, गरम तेलात तो उडून जातो. कापूर असल्यामुळे हे तेल तान्ह्या बाळाला लावू नये आणि बाटली मुलांच्या हाती लागणार नाही अशी ठेवावी. लेबलवर ही सूचना हवी होती. तयार केल्याची तारीखही नाही.

वापरताना बाटली गॅसवर नको. वाटीत दोन चमचे तेल घेऊन वाटी गरम पाण्यात ठेवावी. गुडघ्याला, कंबरेला दहा मिनिटं हलक्या हातानं चोळून वरून निर्गुडीच्याच पाल्याचा शेक द्यावा: पाला तव्यावर थेंबभर तेलात परतून फडक्यात पुरचुंडी बांधायची, आधी स्वतःच्या मनगटावर टेकवून पाहायची. आखडलेल्या सांध्याला आराम वाटतो. लाल, तापलेल्या, अचानक सुजलेल्या सांध्याला किंवा जखमेवर हे काही लावू नये, तिथे डॉक्टर गाठावा. जुनी चादर अंथरा, डाग जात नाही.

याच स्टॉलवर सुकवलेल्या पाल्याचं पाकीटही आहे, आणि खरं सांगायचं तर तेलापेक्षा तेच उजवं. सावलीत वाळवलेला पाला, हातात कुरकुरतो, वास शाबूत. बाळंतिणीच्या अंघोळीच्या पाण्यात, संध्याकाळी डासांसाठी धुरीला, धान्याच्या कणगीत थरांमध्ये, असा तो घरोघरी वापरला जातो. धान्यात घालताना पाला पूर्ण सुका हवा. ओलसर राहिला तर किडीऐवजी बुरशीला आमंत्रण. पाकिटातला चालतो.

तेल घ्यायचं तर वरचं निवळ तेल काचेच्या कोरड्या बाटलीत ओतून घ्या, तळाचा गाळ टाका आणि दोन-तीन महिन्यांत संपवा. पाच पैकी तीन तारे. पाल्याला साडेचार.