‘पास झालं’ म्हणजे नेमकं काय? अ‍ॅप्रूव्हल आणि अ‍ॅक्सेप्टन्स

“मामा, मॅन्युअलची नवी पानं डीजीसीएकडे देऊन महिना झाला. काहीच कळवलं नाही. म्हणजे पास झालीच की?”

खानापूरचा माझा भाचा बेंगळूरला विमानं भाड्याने देणाऱ्या एका चार्टर कंपनीत कागदपत्रांचं काम बघतो. डीजीसीए ही आपल्या देशाची विमान वाहतूक नियामक संस्था. बेळगाव भागात आपण घराच्या नकाशापासून कर्जापर्यंत सगळ्यालाच ‘पास झालं’ म्हणतो. विमानाच्या कागदांत मात्र या एका शब्दाखाली दोन वेगळ्या गोष्टी झाकल्या जातात.

अ‍ॅप्रूव्हल म्हणजे नियामकाने स्वतः तपासून, नियमात बसतं असं ठरवून लेखी दिलेली मंजुरी. पत्र हातात नाही तोवर मंजुरी नाही, मग वर्ष का उलटेना. अ‍ॅक्सेप्टन्सला उत्तर यायलाच हवं असं नाही. ठरलेल्या मुदतीत हरकत आली नाही, तर कागद स्वीकारला असं धरता येतं. आयकाओ या आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या अ‍ॅनेक्स 6 मध्ये, म्हणजे विमानं चालवण्याबद्दलच्या परिशिष्टात, हा फरक असाच मांडलाय.

कशाला काय लागतं, हे त्या कागदाच्या चुकीने विमानाचं काय होईल यावरून बरंचसं उमगतं. एमईएलचंच (मिनिमम इक्विपमेंट लिस्ट) घ्या. कोणता भाग नादुरुस्त असताना विमान उडवता येईल, हे ही यादी सांगते. बी वर्गातला बिघाड 3 दिवसांत काढायचा, सी वर्गातला 10 दिवसांत. एका अक्षराच्या चुकीने सदोष विमान आठवडाभर जास्त उडेल! म्हणून एमईएलला अ‍ॅप्रूव्हलच लागतं. देखभाल कार्यक्रम आणि वैमानिकांचा प्रशिक्षण कार्यक्रम यांनाही. ऑपरेशन्स मॅन्युअल, म्हणजे उड्डाणं कशी चालवायची ते सांगणारी कंपनीची पुस्तिका, तिचा बाकीचा बराच भाग अ‍ॅक्सेप्टन्सवर चालतो.

ओळखायचं कसं? नियमाचं इंग्रजी वाक्य वाचा: ‘अ‍ॅप्रूव्ह्ड बाय’ आहे की ‘अ‍ॅक्सेप्टेबल टू’? देशाचा नियम आयकाओपेक्षा कडक असू शकतो, तेव्हा शेवटचा शब्द डीजीसीएच्या सीएआरचा, म्हणजे तिच्या नियमावलीचा.

माझं मत स्पष्ट आहे: दोन्ही प्रकारची पानं एका गठ्ठ्यात देऊ नका. मी नोकरीत असताना फोन नंबरांची सुधारित यादी एमईएलच्या पानांसोबत पाठवली आणि ती कित्येक आठवडे अडकली. आणीबाणीत लागणारे नंबर होते ते. आजही मनाला लागतं. शिवाय अ‍ॅक्सेप्टन्सला तारखेची पोच घ्याच, मुदत तिथूनच मोजता येते.

भाच्याच्या गठ्ठ्यात एमईएलची दोन पानं निघाली. पत्र येईपर्यंत जुनीच वापर, असं त्याला सांगितलं. उरलेल्यांची पोच तो आता शोधतोय.