बक्षीस खरं होतं, मेसेज खोटा होता

मी साताऱ्यात घरून जेवणाचे डबे देते आणि दिवाळीत फराळाच्या ऑर्डरी घेते. २०२४ च्या दिवाळीआधी माझ्या घरातून ३,२९७ रुपये गेले आणि माझ्या नावावर विश्वास ठेवून तीन गिऱ्हाइकांनी ४,५०० रुपये भलत्याच माणसाला पाठवले. सुरुवात झाली मुलाच्या मोबाइल गेममधल्या फुकट बक्षिसापासून. ज्यांचं मूल आईबापाच्या फोनवर गेम खेळतं त्यांनी हे सगळं वाचावं, कारण आमच्याकडे जे झालं त्यातली पहिली पायरी पूर्णपणे खरी होती, आणि म्हणूनच पुढचं कुणाच्या लक्षात आलं नाही.

मुलगा तेव्हा नववीत. घरात स्मार्टफोन एकच, माझा. त्याच्यावर तो एक गोळीबाराचा गेम खेळायचा. गेम घेताना त्यानं विचारलं होतं, "आई, लॉगिन कशानं करू?" माझं फेसबुक उघडंच होतं, मी म्हटलं त्यानंच कर. त्याच फेसबुकवर माझं फराळाचं पान: चकलीचे फोटो, दरपत्रक, नेहमीच्या बायकांचे मेसेज. गेम आणि धंदा दोन्ही एकाच पासवर्डवर उघडत होते, आणि तो पासवर्ड मुलाला पाठ होता.

कोजागिरीनंतरचा रविवार. त्या गेमच्या अधिकृत पानावर दिवाळीची मोहीम सुरू झाली होती. पोस्ट शेअर करा, तीन मित्रांना टॅग करा, कमेंटमध्ये आपला प्लेअर आयडी, म्हणजे गेममधला ओळख क्रमांक, लिहा; शेअरचा ठरलेला आकडा गाठला की सगळ्या खेळाडूंना बक्षीस. ही मोहीम कंपनीचीच होती, मी नंतर स्वतः तपासलं. मुलानं सांगितल्याप्रमाणे सगळं केलं. अर्ध्या तासाच्या आत त्याला मेसेज आला. चिन्ह तेच, नाव तेच, फक्त नावात शेवटी एक आडवी रेघ जास्तीची. "काँग्रॅच्युलेशन्स भाई, तुझा आयडी सिलेक्ट झालाय." आणि खाली त्याचा खरा आयडी लिहिलेला.

आपला आयडी त्यांना कसा कळला असता, म्हणून मुलाला खात्री पटली. पण तो आयडी त्यानं स्वतःच अर्ध्या तासापूर्वी साऱ्या जगासमोर लिहून ठेवला होता. कोण खेळतं, कोणाला बक्षीस हवंय, त्याचे तीन जवळचे मित्र कोण, ही सगळी यादी मुलांनीच आपल्या हातानं कमेंटमध्ये मांडून ठेवलेली असते. फसवणाऱ्याला फक्त वाचत जायचं आणि मेसेज टाकत जायचं. माझा राग अजून आहे तो याच गोष्टीवर. लहान मुलं खेळतात हे माहीत असताना उघड्यावर आयडी लिहायला लावणं आणि मित्रांना ओढून आणायला लावणं मला पटत नाही. फॉलो, शेअर, टॅग असं एकेक केलं की काहीतरी मिळतं, ही सवय मोहिमेनं लावली. चोरानं त्याच्यापुढे आणखी एक पायरी जोडली.

ती पायरी म्हणजे लिंक. उघडल्यावर बंदुकीचे रंगीत स्किन, कपडे, नाणी, पाहिजे ते निवडा. निवडल्यावर ४८ तासांचं उलटं घड्याळ सुरू. मग "फेसबुकने लॉगिन करा" असं निळं पान. पान हुबेहूब होतं. वरच्या पट्टीत पत्ता मात्र वेगळाच होता. पण अॅपच्या आतच लिंक उघडली की तो पत्ता बारीक दिसतो किंवा अर्धा कापला जातो, आणि चौदा वर्षांचं मूल तिकडे बघत नाही. त्यानं माझा नंबर आणि पासवर्ड टाकला.

मी त्या वेळी चकलीची भाजणी भाजत होते. भाजणी करपू नये म्हणून हात थांबवता येत नाही. बाहेरून आवाज आला, "आई, सहा आकडी कोड आलाय, टाकू का?" मी मान न वळवता म्हटलं, "टाक." त्या कोडच्या मेसेजमध्येच लिहिलेलं असतं की हा कोणालाही देऊ नका. मुलानं विचारलं होतं, हे मी विसरत नाही. त्यानं मला विचारलं आणि मी पाहिलं नाही.

पुढे "व्हेरिफिकेशन फी २९९ रुपये, बक्षिसासोबत परत मिळेल" असा मेसेज आणि क्यूआर कोड. दूधवाल्याचे, किराण्याचे पैसे तोच पाठवतो, त्यामुळे यूपीआयचा पिन त्याला माहीत. २९९ गेले. मग "आयडी लॉक झाला, ९९९ भरले तर सगळे एकदम परत." ते गेल्यावर १,९९९. दर वेळी आधीचे परत मिळवण्यासाठी पुढचे. तिसऱ्यांदा पैसे गेल्यावर समोरच्यानं उत्तर देणं बंद केलं आणि गेममधून मुलगा आपोआप बाहेर पडला. रात्री तो नीट जेवला नाही. परीक्षेची काळजी असेल असं मला वाटलं. सांगायची हिंमत त्याला झाली नाही.

सोमवारी सकाळी दहाच्या सुमारास एका गिऱ्हाइकाचा फोन. "वहिनी, फराळाची आगाऊ रक्कम तुम्ही मागितली म्हणून दीड हजार टाकलेत, पण नाव कुणा भलत्याचंच आलं हो." मी कोणाकडे काहीच मागितलं नव्हतं. फेसबुक उघडायला गेले तर पासवर्ड चुकीचा. रात्रीत ईमेल आणि नंबर दोन्ही बदलले होते. माझ्या जुन्या गप्पा वाचून, कोणी किती किलो चिवडा सांगितला आहे ते बघून, त्या आकड्यानुसार पैसे मागितले होते. दुसऱ्या ताईंनी २,२०० आणि तिसरीनं ८०० पाठवले. त्यांना शंका यायचं कारणच नव्हतं. मेसेज माझ्या खात्यावरून, ऑर्डर त्यांचीच, दरही माझेच.

तेव्हा मुलगा रडत पुढे आला आणि सगळं सांगितलं.

सायबर फसवणुकीसाठी १९३० हा देशभराचा क्रमांक आहे. तिथे आपली बँक, रक्कम, वेळ आणि व्यवहाराचा बारा आकडी क्रमांक विचारतात. तो यूपीआय अॅपमध्ये त्या व्यवहारावर बोट ठेवलं की दिसतो. फोन लावण्याआधी कागदावर उतरवून घ्या, मी शोधण्यातच वेळ घालवला. मग राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवायची आणि तिचा क्रमांक जपून ठेवायचा. दीड हजारवाल्या ताईंनी नाव वेगळं दिसताच मला आणि लगेच १९३० ला फोन केला, म्हणून त्यांचे पैसे समोरच्या खात्यात अडकवता आले. ते हातात यायला कोर्टाचा आदेश लागला आणि सात-आठ महिने गेले, पण आले. बाकीच्या दोघींचे आणि आमचे पैसे तोपर्यंत पुढच्या खात्यांत गेले होते.

बँकेत मी विचारलं की रिझर्व्ह बँकेचा तीन दिवसांचा नियम आहे ना? आहे, २०१७ चा. चूक बँकेची असेल, किंवा तिसऱ्याच कुणाची असून तीन कामाच्या दिवसांत कळवलं असेल, तर ग्राहकावर बोजा नाही. पण पिन आपणच टाकला, कोड आपणच दिला, तर कळवेपर्यंतचं नुकसान आपलं. आमचा पिन आमच्याच घरात टाकला गेला होता. पोलिसांनी माहिती-तंत्रज्ञान कायद्याची ६६ क आणि ६६ ड ही कलमं सांगितली, दुसऱ्याची ओळख चोरणं आणि दुसऱ्याचं सोंग घेऊन फसवणं. तक्रार नीट लिहून घेतली. आरोपीपर्यंत अजून कोणी पोहोचलेलं नाही.

ओळखपत्राचा फोटो पाठवल्यावर तेरा दिवसांनी फेसबुक परत मिळालं. तोवर दिवाळी होऊन गेली होती. त्या तिघींना मी ठरल्याप्रमाणे फराळ दिला, पैसे घेतले नाहीत. नवीन ऑर्डरी त्या वर्षी फोनवरच जेवढ्या आल्या तेवढ्या.

आता लोक मला म्हणतात, ऑनलाइन गेमवर तर बंदी आली. ऑगस्ट २०२५ मध्ये जो कायदा झाला त्यातली बंदी पैसे लावून खेळायच्या गेमवर आहे. मुलं खेळतात ते गोळीबाराचे, शर्यतीचे गेम त्यात येत नाहीत, त्यांच्या मोहिमा चालूच आहेत. आणि बंदी असती तरी खोटी पानं कायद्याला विचारून निघत नाहीत.

मला आधी कळायला हवं होतं ते एवढंच. गेममध्ये बक्षीस द्यायला कंपनीला पासवर्ड लागत नाही, कोड लागत नाही, फी लागत नाही. प्लेअर आयडी पुरतो, आणि बक्षीस गेमच्या आतल्या मेलमध्ये येतं. त्यासाठी मेसेजमधून आलेल्या लिंकवर लॉगिन करायला सांगितलं की ते खोटंच समजा. कमेंटमध्ये आयडी लिहायला लावणाऱ्या मोहिमेत भाग नाही घेतला तरी चालतं. आमच्या गेममध्ये ते बक्षीस चार दिवसांनी सगळ्यांनाच मिळालं, ज्यांनी काहीच शेअर केलं नव्हतं त्यांनाही. माझ्या मुलाचा आयडी तेव्हा दुसऱ्याच कुणाकडे होता.

मुलाचा गेम आपल्या फेसबुकपासून तोडा, त्याला वेगळं खातं काढून द्या. फेसबुकच्या सेटिंगमध्ये कोणते अॅप जोडलेले आहेत याची यादी असते, ती एकदा उघडून बघा. माझ्या यादीत असे चार गेम निघाले जे मुलानं कधीच सोडले होते. यूपीआयचा पिन मुलाला ठाऊक असेल तर आजच बदला. आणि क्यूआर स्कॅन केल्यावर पैसे पाठवण्याआधी जे नाव दिसतं ते मोठ्यानं वाचा. माझ्या दोन गिऱ्हाइकांनी ते नाव पाहिलं होतं, "यजमानांचं खातं असेल" म्हणून पुढे पाठवलं.

त्या सोमवारी संध्याकाळी मी मुलाला घेऊन बाहेर पडले. ज्या तिघांना त्यानं टॅग केलं होतं त्यांच्या घरी जायचं होतं. दोन घरी मेसेज आलेला होता, लिंक अजून उघडली नव्हती. तिसऱ्या घरी आईनं चहा टाकला, आम्ही सगळं सांगत होतो, आणि त्यांचा मुलगा दाराला टेकून उभा होता. मध्येच तो म्हणाला, "काकू, माझेपण २९९ गेलेत काल रात्री." त्याच्या आईला ते तेव्हाच कळलं.