नऊ महिने नव्या व्हर्जनवर, त्याआधी अडीच वर्षं वाट बघण्यात

सॉफ्टवेअरचं नाव मुद्दाम लिहीत नाही. लायसन्स माझ्या नावावर आहे, तक्रारींची दोन तिकिटं अजून उघडी आहेत, आणि सपोर्टमधल्या त्याच माणसांशी मला पुढेही बोलायचं आहे. चर्चेचं संकेतस्थळ चालवायचं, पैसे देऊन घ्यायचं सॉफ्टवेअर, एवढं पुरे. ज्यांनी वापरलंय ते ओळखतीलच.

आमचा कट्टा संत्रा बागायतदारांचा. काटोल, नरखेड, कळमेश्वर, वरूड, मोर्शी, इकडचेच बहुतेक लोक. मी राहतो नागपुरात, दिवसा हिंगणा एमआयडीसीत एका कारखान्याचं स्टोअर सांभाळतो. बाग वडिलांची, काटोलच्या अलीकडे. कट्टा सुरू केला तेव्हा व्हॉट्सॲप आपल्याकडे रुळलं नव्हतं. आता ग्रुप ढीगभर झालेत, पण ग्रुपात मागच्या मृगात कोणी काय सांगितलं ते या मृगात सापडत नाही. कट्ट्यावर डिंक्याचा (झाडाच्या खोडातून डिंक गळायचा रोग) एक धागा अकरा वर्षं चालू आहे. दर पावसाळ्याच्या तोंडावर कोणीतरी तो वर काढतोच. तेवढ्यासाठी मी दरवर्षी खिशातून पैसे घालतो, आणि बायको दरवर्षी विचारते की यातून मिळतं काय.

तर, 'नवीन मोठं व्हर्जन येतंय' अशी घोषणा झाली त्याला आता सव्वातीन वर्षं होतील. सुरुवातीला दर पंधरा दिवसांनी नवे स्क्रीनशॉट यायचे. मोबाइलवर सुबक दिसणारा लिहायचा चौकोन, फोटो टाकायची सोय, नवा शोध. आम्ही गिऱ्हाईकं हरखून जायचो. मग महिन्यातून एक, मग तेही बंद. गिऱ्हाइकांच्या विभागात रोज एकच प्रश्न, 'आलं का?', आणि कंपनीचं एकच उत्तर, 'तयार होईल तेव्हा येईल'. लग्नात 'आता बसतेच पंगत' म्हणत दोन तास उन्हात उभं ठेवतात ना, तसं.

लायसन्सची तऱ्हा अशी की एकदा घेतलं की सॉफ्टवेअर तुमचं, पण अपडेट फक्त वर्षभर. पुढे हवे असतील तर रिन्यू करा. त्या वाटेत मी दोनदा रिन्यू केलं आणि हाती काय आलं, तर जुन्याच व्हर्जनची चार-दोन सुरक्षेची ठिगळं. त्यात प्लगिन, म्हणजे वरून जोडायच्या जादा सोयी, लिहिणाऱ्यांनी हात आखडते घेतले. नवीन येणारच आहे, मग जुन्यासाठी कशाला खपायचं, हा त्यांचा हिशेब. जुनं कोणी दुरुस्त करेना, नवीन हाती लागेना.

हे आमच्याच नशिबी होतं असं नाही, स्थळं चालवायच्या दुसऱ्या सॉफ्टवेअरांचंही तेच. सिंपल मशिन्स फोरमचं २.० आलं जून २०११ मध्ये, आणि २.१ यायला फेब्रुवारी २०२२ उजाडला. पीएचपीबीबीचं २.० एप्रिल २००२ चं, ३.० डिसेंबर २००७ चं. मराठीतली बरीच जुनी स्थळं ज्यावर उभी राहिली त्या ड्रुपलचं सातवं व्हर्जन जानेवारी २०११ चं. त्याचा आधार २०२१ मध्ये संपणार होता, तो लांबत लांबत ५ जानेवारी २०२५ पर्यंत गेला, कारण लोक पुढे सरकतच नव्हते. झेनफोरो २.० नोव्हेंबर २०१७ मध्ये आलं तेव्हा १ ची प्लगिनं त्यावर चालत नव्हती, सगळी नव्याने लिहावी लागली. म्हणजे मोठं व्हर्जन उशिरा येणार आणि आलं की घर उचकटणार, हे या धंद्यात नेहमीचंच. पण यातले पहिले तीन फुकटचे. फुकट राबणाऱ्याला जाब कोण विचारणार? आम्ही पैसे मोजले होते.

आता माझ्या चुकीबद्दल लिहितो. या अनुभवात सगळ्यात जास्त तीच सलते.

आमचा जुना डेटाबेस मायएसक्यूएलच्या त्या युनिकोडमध्ये होता जो एका अक्षराला जास्तीत जास्त तीन बाइट देतो. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह नेमकं तीन बाइटचं, त्यामुळे मराठीला कधी अडचण आली नाही. इमोजी मात्र चार बाइटची. ती आली की जुना डेटाबेस तक्रार करत नाही, नकार देत नाही, इमोजीपासून पुढचा सगळा मजकूर गुपचूप कापून टाकतो. संगणकावरून लिहायचे तोवर कोणाला कळलं नाही. लोक फोनवरून लिहायला लागले तसे प्रतिसाद अर्धे येऊ लागले. आपल्याकडे फोनवर कोणाला काही लिहायचं म्हणजे आधी 'नमस्कार' आणि त्यापुढे जोडलेले हात. कट्ट्यावर नुसते 'नमस्कार' साचायला लागले.

काटोलकडचे एक काकाजी आहेत, सत्तरीच्या पुढचे. बोर्डो पेस्ट, म्हणजे मोरचूद-चुन्याचा लेप, कशी करायची, खोडाला कुठवर लावायची, पावसाळ्याआधी कधी आणि नंतर कधी, असं सगळं त्यांनी एका दुपारी कूलरसमोर बसून नातवाच्या फोनवर लिहिलं. दीड तास लागला म्हणाले. संध्याकाळी त्यांचा फोन आला: 'अरे भाऊ, तुमचा कट्टा माझं बोलणं खाऊन राहिला.' उघडून बघतो तर त्यांच्या नावापुढे 'राम राम', बस.

उपाय मला माहीत होता. टेबलं चार बाइटच्या युनिकोडमध्ये न्यायची. एका रविवारी डेटाबेसची प्रत काढून करूनही बघितलं, तर इंडेक्स (डेटाबेस पटकन शोधायला ठेवतो ती सूची) ७६७ बाइटच्या वर जातोय म्हणून नकार. २५५ अक्षरांचा रकाना तीन बाइटने ७६५ होतो, बसतो. चार बाइटने १०२० होतो, बसत नाही. सपोर्टला विचारलं. उत्तर गोड होतं: नवीन व्हर्जन हे सगळं आपोआप करणार आहे, तोवर हात लावू नका. मी नाही लावला. वर एक सूचना डकवली, 'कृपया इमोजी वापरू नये', आणि वाट बघत बसलो. पुढे कळलं की इंडेक्स १९१ अक्षरांवर आणला की काम होतं. एका रविवारचं काम होतं. त्या अडीच वर्षांत तीनशेच्या वर प्रतिसाद कापले गेले. जे डेटाबेसात गेलंच नाही ते बॅकअपमध्ये कुठून असणार!

शेवटी मला ढकललं ते होस्टिंगवाल्याने. आमचं सॉफ्टवेअर ज्या भाषेवर चालतं त्या पीएचपीच्या ७.४ चा सुरक्षेचा आधार नोव्हेंबर २०२२ मध्येच संपला होता. त्याने बरेच दिवस चालवून घेतलं, मग एक दिवस मेल: महिनाभरात आठवर या. आमचं जुनं व्हर्जन आठवर नुसत्या चेतावण्या ओकायचं. सुदैवाने त्याच सुमारास नवीन व्हर्जन आलं. पहिलं घेऊ नये असं सगळेच सांगत होते, मीही दुसऱ्यांना तेच सांगितलं असतं. दुसऱ्या दुरुस्तीपर्यंत थांबलो आणि एका शनिवारी रात्री कट्टा बंद करून बसलो.

आमच्या पोस्टी दोन तासांत नीट उतरल्या. त्यासाठी त्यांना पैकीच्या पैकी. घोळ झाला तो जुन्या दप्तराचा. अगदी सुरुवातीची तीन वर्षं आम्ही एका फुकटच्या सॉफ्टवेअरवर होतो. त्या काळची टेबलं लॅटिन एनकोडिंगची, म्हणजे वर पाटी रोमन लिपीची, आत बाइट मात्र मराठीचे. ती ओढून आणल्यावर पानभर टोपी घातलेले इंग्रजी ए, त्यांच्या शेजारी कुठे सूर्यासारखं चिन्ह, कुठे जपानी येन. रात्री अडीच वाजता आंबिया बहाराच्या (हिवाळ्यातल्या मोहोराच्या) चर्चेत येनच येन. ज्याच्यावर ही वेळ येईल त्याच्यासाठी सांगून ठेवतो: रकाना थेट युनिकोड करू नका, आधी बायनरी करा, मग चार बाइटचं युनिकोड. बाइट तेच राहतात, फक्त त्यांच्यावरची पाटी बदलते. मला हे पहाटे चारला उमगलं. सकाळी तर्री पोहे खाऊन झोपलो तो संध्याकाळीच उठलो.

आता नऊ महिन्यांचा हिशेब. फोनवर लिहिणं आणि फोटो टाकणं खरंच सुधारलंय. पूर्वी पानाचा फोटो टाकायचा म्हणजे आधी आकार लहान करा, मग चढवा. बागेत उभा असलेला माणूस हे कशाला करेल? आता गळलेल्या फळाचा फोटो झाडाखालूनच येतो, आणि फळाचा देठ बघून लोक सांगतात की ही पाण्याची गळ आहे की बुरशीची. धाग्यांची पानं कायम ठेवली याबद्दल मी त्यांचा आभारी आहे. मधल्या काळात डिस्कोर्स नावाच्या दुसऱ्या सॉफ्टवेअरवर जायचा विचार केला होता. ते चांगलं आहे, फुकटही आहे, पण त्यात पानं नसतात, नुसतं खाली सरकत जायचं. आमच्याकडे 'डिंक्या, पान सात बघ' ही पत्ता सांगायची रीत आहे. ती मोडली असती तर अर्धे लोक गेले असते.

सूचना अँड्रॉइडवर लगेच येतात. आयफोनवर स्थळ होम स्क्रीनवर घेतल्याशिवाय येतच नाहीत. ती ॲपलची अट आहे, यांचा दोष नाही. आमच्यात आयफोनवाले मोजून चार. पुढे.

मराठी भाषांतर हा मात्र विनोद आहे. यंत्राने केलेलं आणि कोणी न वाचलेलं. वर डकवलेला धागा 'चिकट' झाला, ते एक वेळ चालतं. प्रश्नाचं उत्तर सापडलं की त्या प्रतिसादावर खूण करायची सोय नवीन आहे, चांगली आहे, आणि तिच्या बटणावर इंग्रजी 'सोल्यूशन'चं भाषांतर म्हणून लिहिलं होतं 'द्रावण म्हणून खूण करा'. बागायतदाराला द्रावण म्हणजे काय, हे मी सांगायला नको. पहिल्या आठवड्यात लोकांनी फवारणीचे जेवढे म्हणून प्रतिसाद होते त्या सगळ्यांवर इमानेइतबारे द्रावणाची खूण केली. एकाने तर नियमच सांगितला की पेस्टवर खूण करू नये, पेस्ट हे द्रावण नाही. मी शब्द बदलून 'उत्तर सापडलं' केलं, पण खरं सांगतो, जुन्या खुणा काढायचं मन झालं नाही. फवारणीची यादी आयती तयार झाली होती.

शोधाबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण ज्यासाठी अडीच वर्षं थांबलो त्यात हा पहिला होता. जुना शोध चार अक्षरांपेक्षा लहान शब्द विचारातच घ्यायचा नाही, आणि मोजताना मात्रा वेगळी मोजायचा. 'बहार' सापडायचा, 'ताण' नाही, 'मृग' नाही, 'कीड' नाही. एका सर्व्हरवर अनेक स्थळं अशा साध्या शेअर्ड होस्टिंगवर ती मर्यादा बदलता येत नव्हती. नव्यात डेटाबेसचा प्रकार बदलला, मर्यादा तीनवर आली, ताण, मृग आणि कीड सापडायला लागले. 'खत' अजून नाही, ते दोनच अक्षरांचं. आता व्हीपीएस, म्हणजे भाड्याचा पण स्वतंत्र सर्व्हर, आपल्याकडे आहे म्हणून मी ती दोनवर आणली आणि इंडेक्स पुन्हा बांधला. हे कागदपत्रांत कुठेही लिहिलेलं नाही. इंग्रजीत दोन अक्षरी शब्द शोधायची गरज कोणाला पडते?

आणि 'शेतकऱ्यांना' अजूनही अर्धेच सापडतात. त्यातला ऱ्य काही कीबोर्ड ऱ हे वेगळं अक्षर घेऊन लिहितात, काही साध्या र ला हलन्त देऊन मध्ये एक न दिसणारा जोड घालून. डोळ्यांना दोन्ही सारखेच, यंत्राला दोन वेगळे शब्द. माझ्या दोन उघड्या तिकिटांतलं एक याचंच. सात महिने झाले. दुसरं लिंकचं: देवनागरी शीर्षक लिंकमध्ये गेलं की एकेका चिन्हाची नऊ होतात. पंचवीस चिन्हांचं शीर्षक व्हॉट्सॲपवर सव्वादोनशे चिन्हांचं भुताटकीसारखं दिसतं आणि लोकांना वाटतं व्हायरस आहे. यावर उपाय म्हणून शीर्षकं रोमनमध्ये उतरवायची सोय आहे, पण 'ताण तोडणे'चं (तहानलेल्या बागेला पुन्हा पाणी देण्याचं) तिथे जे काय होतं ते मी इथे लिहीत नाही.

खर्च जवळपास दुप्पट झाला, मुख्यतः व्हीपीएसमुळे. तीन जुनी प्लगिनं गेली. त्यातल्या कळमना बाजारातल्या दरांच्या तक्त्याची आठवण लोक काढतात. उरलेल्या दोघांची कोणाला नाही, मलाही नाही.

घ्यावं का? नवा कट्टा काढत असाल तर घ्या. जुन्यावर असाल आणि काही दुखत असेल, तर आधी तेवढं आजच्या व्हर्जनवर दुरुस्त करा आणि मगच अपग्रेडचं बघा. मागच्या आठवड्यात कंपनीने पुढच्या मोठ्या व्हर्जनचे पहिले स्क्रीनशॉट टाकले. माझ्या ऱ्यच्या तिकिटावर लगेच उत्तर आलं, पुढच्या व्हर्जनमध्ये विचार होईल. त्या रविवारी बसून मी रात्री चालणारं बारकं काम लिहिलं, जे तो न दिसणारा जोड काढून जागी ऱ बसवतं. ओबडधोबड आहे, पण चालतंय. रिन्यूची तारीख पुढच्या महिन्यात आहे. या वेळी सुरक्षेचं ठिगळ येईपर्यंत थांबेन म्हणतो.

काकाजींना मी दिवाळीत जाऊन भेटलो. तोच मजकूर पुन्हा सांगा म्हटलं, मी लिहून घेतो. ते ओसरीवर बसून सांगत गेले: एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी, दोन्ही वेगवेगळं भिजवायचं, लोखंडाच्या भांड्यात नाही. मधे दोनदा चहा झाला. शेवटी मी फोन त्यांच्या हातात दिला. त्यांनी विचारलं, 'ते हात लावू का आता? खाणार तं नाही ना?' म्हटलं लावा. त्यांनी एक सुरुवातीला लावला आणि एक शेवटी. डिंक्या, पान एकोणचाळीस.