रिलोकेशन पॅकेज घ्यावं का? बँकेसाठी हो, शाळेसाठी नको

फॅमिलीसकट परदेशात शिफ्ट होताय आणि एचआर विचारतंय की रिलोकेशन एजन्सीचं पॅकेज हवं की त्याऐवजी रोख भत्ता, तर आधी हे वाचा. नवऱ्याच्या बदलीच्या वेळी आम्ही पॅकेज घेतलं, त्यात घर, बँक खातं आणि मुलांची शाळा असं सगळं होतं. घराबद्दल लिहिण्यासारखं फार नाही, दाखवली ती घरं ठीकठाक होती. एजन्सीचं नाव आणि देश मुद्दाम लिहीत नाहीये, देश सांगितला की एजन्सी कुठली ते लगेच कळेल. बँकेच्या कामाला पाचपैकी चार, शाळेच्या कामाला दीड, तो अर्धासुद्धा उदार मनाने.

आधी बँक. नव्या देशात पोचलं की घोडं कुठे अडतं ते ज्यांनी भोगलंय त्यांना माहितीये, बँक म्हणते पत्त्याचा पुरावा आणा, घरमालक म्हणतो इथल्या खात्यातून डिपॉझिट भरा मग करार करू, आणि ऑफिस म्हणतं इथलं खातं दिलंत की पगार टाकतो. जुन्या देशातली वर्षानुवर्षांची चांगली क्रेडिट हिस्टरी बहुतेक ठिकाणी सोबत येत नाही, नव्या बँकेसाठी तुम्ही कोरी पाटी. एजन्सीने इथे खरंच काम केलं. निघायच्या आधीच पासपोर्ट, व्हिसा आणि नोकरीचं पत्र बँकेला पाठवून ठेवलं, कंपनीचं पत्र तात्पुरता पत्ता म्हणून चालवून घेतलं, आणि पोचल्यावर फक्त ब्रांचमध्ये जाऊन ओळख दाखवायची बाकी ठेवली. युरोपियन युनियनमध्ये जाणार असाल तर हेही माहिती असू द्या, तिथे २०१४ च्या एका नियमामुळे कायदेशीर राहणाऱ्या कुणालाही बेसिक खातं मिळायचा हक्क आहे आणि पूर्ण अर्ज आल्यापासून १० कामकाजाच्या दिवसांत बँकेला हो किंवा नाही सांगावं लागतं. काउंटरवरचा माणूस हे आपणहून सांगेल अशी आशा नको.

एक प्रसंग सांगते, कारण इथेच एजन्सीवालीने पैसे वसूल करून दिले. माझा व्हिसा डिपेंडंट, पगार नाही, तर बँकेतला मुलगा नवऱ्याच्या खात्यावर मला नुसतं ॲड-ऑन कार्ड द्यायला निघाला. म्हणजे खर्च करा पण खातं तुमचं नाही. एजन्सीची बाई शेजारीच बसली होती, ती शांतपणे म्हणाली जॉइंट खात्याचा फॉर्म काढा, दोघांची सही, दोघांचे अधिकार सारखे. तो आत जाऊन कुणाला तरी विचारून आला आणि फॉर्म काढला. ज्यांचा जोडीदार कमावता आहे आणि स्वतःचा पगार थांबलाय त्यांनी हे आवर्जून करा, नवरा टूरवर असताना प्लंबरचे पैसे द्यायचे असले की कळतं का ते.

त्याच भेटीत टॅक्स रेसिडेन्सीचा, म्हणजे तुम्ही करासाठी कुठल्या देशाचे रहिवासी ते सांगणारा फॉर्म पुढे आला, जुन्या देशाचा टॅक्स नंबर मागितला. घाबरू नका, ओईसीडी या देशांच्या आर्थिक संघटनेने २०१४ मध्ये ठरवलेल्या पद्धतीप्रमाणे शंभरावर देश परदेशी रहिवाशांच्या खात्यांची माहिती एकमेकांना देतात, म्हणून हा प्रश्न जवळपास सगळीकडे येतोच. खरं ते लिहायचं, आणि नंतर रेसिडेन्सी बदलली की बँकेला कळवायचं.

मग एक मार्क का कापला? एक तर बाईने जाता जाता ‘इंटरनॅशनल प्रीमियम’ खातं गळ्यात मारायचा प्रयत्न केला. मोठ्या बँकांची अशी खाती असतात, निघण्याआधी दुसऱ्या देशातलं खातं उघडून मिळतं हे खरं, पण त्यासाठी भरपूर बॅलन्स अडकवून ठेवावा लागतो आणि एकदा साधं स्थानिक खातं मिळालं की त्याचा उपयोग फारसा उरत नाही. दुसरं, पैसे पाठवण्याबद्दल तिने चकार शब्द काढला नाही. शाळेचं ॲडमिशन डिपॉझिट आम्ही जुन्या बँकेतून स्विफ्टने पाठवलं आणि तिकडे पोचलं ते थोडं कमी, कारण स्विफ्ट म्हणजे बँकांची निरोप पाठवायची यंत्रणा, पैसे प्रत्यक्षात मधल्या बँकांतून फिरत जातात आणि त्या वाटेत आपलं शुल्क कापतात. शाळेचं अकाउंट ऑफिस म्हणे रक्कम पूर्ण नाही, सीट कन्फर्म नाही. बँकेच्या फॉर्मवर चार्जेसचा एक छोटा रकाना असतो, ‘अवर’ (OUR), ‘शा’ (SHA) आणि ‘बेन’ (BEN). ‘अवर’ म्हणजे सगळा खर्च पाठवणाऱ्याचा, फी भरताना तोच निवडा. घरखर्चापुरते पैसे फिरवायला वाइजसारखी ऑनलाइन पैसे पाठवायची सेवा बरी पडते, बाजारातला मधला रेट लावून फी वेगळी दाखवतात त्यामुळे कुठे किती गेले ते दिसतं. पण ब्रिटनमध्ये त्यांच्याकडे ई-मनीचं लायसन्स आहे, बँकेचं नाही, ठेवीला बँकेसारखं विमासंरक्षण नाही, म्हणून मोठी बचत तिथे ठेवू नये असं माझं मत.

आणि जुनं सिमकार्ड बंद करू नका हो! जुन्या बँकेचे ओटीपी त्याच्यावरच येतात.

आता शाळा. एजन्सीने जी यादी दिली त्यात एकूण एक इंटरनॅशनल शाळा, सरकारी शाळेचं नावही नाही. विचारलं तर ‘मुलांना भाषा झेपणार नाही’ एवढंच. शाळा दाखवताना स्विमिंग पूल, क्लाइंबिंग वॉल, ऑडिटोरियम, सगळं फिरवलं. मी विचारलं की नवीन मुलाला भाषेची मदत आठवड्यात किती तास, वर्गातच मिळते की बाहेर काढून नेतात, आणि दरवर्षी वर्गातली किती मुलं शाळा सोडून जातात, तर ॲडमिशनवाली हसून पुढच्या बिल्डिंगकडे निघाली. शेवटचा प्रश्न फालतू वाटेल, पण अशा शाळांत मुलांचे जवळचे मित्र दर जूनला निघून जातात आणि त्याचा त्रास घरी आपल्यालाच निस्तरावा लागतो.

‘आयबी आहे, जगात कुठेही गेलात तरी तेच’ (आयबी म्हणजे इंटरनॅशनल बॅकलॉरिएट, बऱ्याच देशांतल्या शाळांत चालणारा अभ्यासक्रम) हे वाक्य तर पाठ करून आलेली. अर्धवट खरं आहे. आयबी १९६८ मध्ये जिनिव्हात सुरू झालं ते नेमकं अशाच फिरतीवरच्या कुटुंबांसाठी, आणि शेवटच्या दोन वर्षांचा डिप्लोमा (४५ पैकी गुण, विषय साधारण तेच) खरंच सोबत नेता येतो. पण आयबीचाच लहान मुलांसाठीचा पीवायपी म्हणजे शिकवण्याचा साचा, ठरलेला सिलॅबस नाही, एका शाळेत अपूर्णांक झालेले असतात, दुसरीत अजून सुरूही नसतात. आणि डिप्लोमा किंवा आयजीसीएसईच्या (ब्रिटिश धर्तीची, आपल्या दहावीसारखी परीक्षा) दोन वर्षांच्या मध्ये मूल उचलून नेणं म्हणजे नाकी नऊ, विषय जुळत नाहीत, शाळा नाही म्हणतात. शक्य असेल तर बदलीच पुढेमागे करून घ्या.

आम्ही शेवटी थोरलीला इंटरनॅशनल शाळेत घातलं, तिची बोर्डाची वर्षं जवळ होती. धाकट्याला स्थानिक सरकारी शाळेत, आणि ती शाळा शोधायला नगरपालिकेच्या शिक्षण विभागाला मी स्वतः मेल केला. तिथे नवीन मुलांसाठी वेगळा भाषेचा वर्ग निघाला, तो एजन्सीला माहिती नव्हता किंवा सांगायचा नव्हता, देव जाणे. लहान मुलांना स्थानिक शाळाच बरी, मित्र शेजारपाजारचे मिळतात आणि फीचं ओझं नाही. पण पुढे काय ते आधी बघून ठेवा, जर्मनीत बहुतेक राज्यांत चौथीनंतरच मुलांच्या वाटा वेगळ्या होतात, तिथे तिसरीत भाषा शून्यापासून सुरू करणारं मूल अडचणीत येतं.

अजून एक घोळ एजन्सीचा, तिने आधी घर फायनल केलं आणि मग शाळा काढली. अनेक देशांत सरकारी शाळा पत्त्यावरून मिळते, म्हणजे आधी शाळा आणि मग तिच्या हद्दीत घर असा क्रम पाहिजे. इयत्तेचंही तसंच, इंग्लंडमध्ये वयाची रेघ १ सप्टेंबरला, जपानचं वर्ष एप्रिलपासून, ऑस्ट्रेलियाचं जानेवारीच्या शेवटी, त्यामुळे मूल अर्धं वर्ष मागे किंवा पुढे पडू शकतं, कुठल्या वर्गात घेणार ते आधी विचारा. जन्मदाखल्यावर अपोस्टिल (कागद परदेशात खरा मानावा म्हणून सरकारी शिक्का) करून घ्या हे मात्र एजन्सीने वेळेत सांगितलं. निकालपत्रं आणि लसीकरणाचं कार्ड आपलं आपण आठवणीने सोबत घ्या.

तर पॅकेजबद्दल बोलताना एचआरला सांगा, घर आणि बँक एजन्सीकडे, शाळेचे पैसे रोख द्या. आणि फी कंपनी भरणार असेल तर तीन गोष्टी विचारा, वर्षाच्या मध्ये नोकरी गेली तर उरलेली फी कोण भरणार, डिपॉझिट परत आलं तर ते कुणाचं, आणि दरवर्षी वाढणारी फी कंपनीच्या मर्यादेबाहेर गेली तर वरचे पैसे कुणी द्यायचे. उत्तरं फोनवर नको, मेलवर मागा.